रिपोर्टमध्ये 'कोरोनाव्हायरस ओसी४३' आला, आता काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४६, दमा-मधुमेह नाही, सिगारेट नाही. घसादुखी आणि वाहत्या नाकाने सुरुवात झाली, दोन दिवस कणकण होती, मग खोकला लागला आणि आता तिसरा आठवडा चालू आहे. स्वॅबवर केलेल्या श्वसनविषाणूंच्या पॅनेलमध्ये (एकाच नमुन्यात अनेक विषाणू शोधणाऱ्या तपासणीत) 'कोरोनाव्हायरस ओसी४३: आढळला' असं आलं, आणि त्याच कागदावर दोन ओळी खाली 'सार्स-कोव्ह-२ (म्हणजे कोविडचा विषाणू): आढळला नाही'. छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे. डॉक्टरांनी अँटिबायोटिक द्यायला नकार दिला. घरात ७४ वर्षांचे वडील आहेत, त्यांना सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे. हा कोविडच आहे का, लस घेऊनही कसा झाला, अँटिबायोटिक का नाही आणि वडिलांना किती धोका आहे, हे तुम्हाला हवं आहे.

यातला खरा महत्त्वाचा प्रश्न शेवटचा आहे. पण आधीचे उरकल्याशिवाय त्याचं उत्तर नीट देता येणार नाही.

तुम्हाला झालेला आजार कोविड नाही. रिपोर्टमधल्या त्या दोन ओळी एकमेकींच्या विरोधात नाहीत. माणसाला आजारी पाडणारे कोरोनाव्हायरस आजवर सात माहीत आहेत. त्यांतले तीन बातम्यांतून सगळ्यांना ठाऊक झाले: २००२-०३चा सार्स, २०१२मध्ये सापडलेला मर्स आणि २०१९चा कोविड. उरलेले चार, म्हणजे २२९ई, ओसी४३, एनएल६३ आणि एचकेयू१, गाजावाजा न करता जगभर फिरत असतात. बहुतेकांना त्यांची पहिली लागण लहानपणीच होऊन जाते आणि नंतर आयुष्यभर ती पुन्हा पुन्हा होत राहते. तुम्हालाही ओसी४३ याआधी अनेकदा झालेला असणार, फक्त तेव्हा कुणी त्याचं नाव कागदावर छापून दिलं नव्हतं. पॅनेलमध्ये प्रत्येक विषाणूच्या जनुकांचा वेगळा तुकडा शोधला जातो, त्यामुळे कोविडची पीसीआर (जनुकांचे तुकडे शोधणारी चाचणी) या चौघांना पकडत नाही आणि यांची तपासणी कोविडला पकडत नाही. २०२०मध्ये असा रिपोर्ट घेऊन हादरलेली बरीच माणसं आमच्याकडे आली. पहिला शब्द वाचून पुढचं कुणी वाचतच नव्हतं.

हे विषाणू नवे नाहीत, हे पटावं म्हणून थोडा इतिहास सांगतो. इंग्लंडमध्ये सॉल्सबरीला सर्दीवर संशोधन करणारं एक केंद्र होतं. स्वयंसेवकांना तिथे मुद्दाम सर्दीची लागण करून दहा-बारा दिवस ठेवलं जाई. डेव्हिड टायरेल आणि माल्कम बायनो यांना एका शाळकरी मुलाच्या नाकातल्या नमुन्यात एक विषाणू मिळाला होता, पण तो नेहमीच्या पद्धतीने वाढेना. शेवटी श्वासनलिकेच्या जिवंत ऊतीवर तो वाढला आणि १९६५मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्याच सुमारास शिकागोत डोरोथी हॅम्रे आणि जॉन प्रॉक्नाव यांना वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या सर्दीत २२९ई सापडला. तुमच्या रिपोर्टवरचा ओसी४३ अमेरिकेत १९६७मध्ये नोंदला गेला. जून अल्मेडा यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या विषाणूंचं काटेरी वलय दाखवलं आणि १९६८मध्ये 'कोरोनाव्हायरस' हे नाव पडलं. पुढची पस्तीस वर्षं या गटाकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. साधी सर्दी, त्यात काय अभ्यासायचं! सार्स आला तेव्हा लोक खडबडून जागे झाले, शोधायला लागले, आणि २००४मध्ये नेदरलँड्समध्ये सात महिन्यांच्या बाळात एनएल६३, तर २००५मध्ये हाँगकाँगमधून ७१ वर्षांच्या न्यूमोनियाच्या रुग्णात एचकेयू१ सापडल्याचं जाहीर झालं. हे दोघेही तेव्हा नव्याने जन्मलेले नव्हते. आधीपासून होतेच, त्यांना कुणी शोधलं नव्हतं एवढंच.

प्रौढांच्या सर्दीत पहिला नंबर ऱ्हायनोव्हायरसचा. त्याच्या मागोमाग हे चार येतात. ऋतू, वर्ष आणि तपासणीची पद्धत यांनुसार आकडा हलतो, पण ढोबळमानाने १० ते ३० टक्के सर्दी यांच्यामुळे होते असं मानलं जातं. थंड हवामानाच्या प्रदेशांत डिसेंबर ते मार्च-एप्रिल हा यांचा मुख्य काळ. उष्ण प्रदेशांत ऋतूची रेघ इतकी ठळक नसते. चौघे दर वर्षी सारखेच पसरतात असंही नाही. एका हंगामात ओसी४३ जोरात असतो, पुढच्या हंगामात दुसरा कुणी.

लक्षणांवरून यांना ओळखता येतं का? नाही. स्वयंसेवकांवरच्या जुन्या प्रयोगांत २२९ईची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला सरासरी तीन दिवस लागले. ऱ्हायनोव्हायरसपेक्षा हा काळ साधारण एका दिवसाने जास्त आहे. नाक मात्र यात जास्त वाहिलं. प्रयोगात मोजता येणारा असा फरक दवाखान्यात समोर बसलेल्या माणसात कुणालाही दिसत नाही. वाहणारं नाक, घशात खवखव, डोकं जड, अंग मोडून येणं, थोडा ताप किंवा तापच नाही, आणि आठवडाभरात उतार, असं हे चित्र चौघांचंही असतं आणि इतर डझनभर विषाणूंचंही. नाकातल्या हवेचं तापमान शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा कमी असतं, आणि प्रयोगशाळेतही २२९ई व ओसी४३ ३३ अंश सेल्सिअसच्या आसपास चांगले वाढतात. धडधाकट माणसात यांचा मुक्काम बहुधा नाक-घशापुरताच राहतो, याच्याशी हे जुळतं.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगतो: तुमच्या बाबतीत हे पॅनेल करायची गरज नव्हती. कोविड आणि फ्लू यांची तपासणी पुरेशी होती, कारण त्या दोघांवर औषधं आहेत. ओसी४३ वर मान्यताप्राप्त औषध नाही, त्यामुळे त्याचं नाव कळल्याने तुमच्या उपचारात काहीच बदलत नाही. पॅनेल खरं उपयोगी पडतं ते आयसीयूतल्या रुग्णात, अवयव किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्यांत, केमोथेरपी चालू असलेल्यांत, किंवा वृद्धाश्रमात एकदम दहा जण आजारी पडतात तेव्हा.

पीसीआरबद्दल आणखी एक गोष्ट. पॉझिटिव्ह म्हणजे विषाणूची आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, सापडली. ती जिवंत विषाणूचीच असते असं नाही, आणि आत्ताच्या आजाराचं कारण तीच आहे असंही सिद्ध होत नाही. लक्षणं ओसरल्यावरही हे तुकडे दोन-तीन आठवडे सापडू शकतात. प्रतिकारशक्ती दबलेल्यांत तर आणखी लांब. काही वेळा एकाच स्वॅबमध्ये दोन-तीन विषाणू निघतात आणि मुख्य आरोपी कोण हे सांगता येत नाही. तुमची लक्षणं आणि रिपोर्ट जुळतात, म्हणून ओसी४३ ला जबाबदार धरायला हरकत नाही. पण 'निगेटिव्ह येईपर्यंत' पुन्हा पुन्हा तपासणी करू नका. तिचा काही उपयोग नाही.

आता खोकला. तीन आठवडे झाले म्हणजे काहीतरी बिघडलंय, अशी बहुतेकांची समजूत असते. लोकांना विचारलं तर खोकला आठवडाभरात, फार तर नऊ दिवसांत जायला हवा असं ते सांगतात. अभ्यासांची गोळाबेरीज केली तेव्हा अशा तीव्र खोकल्याचा सरासरी काळ जवळपास १८ दिवस निघाला. हा सरासरीचा आकडा आहे, म्हणजे कित्येकांचा खोकला त्याहून लांबतो. विषाणू श्वासमार्गाच्या अस्तराला आणि त्यावरच्या बारीक केसांसारख्या सिलियांना इजा करतो. विषाणू गेल्यावरही अस्तर भरून यायला वेळ लागतो, आणि तोवर थंड हवा, धूर, मोठ्याने बोलणं, हसणं, एवढ्यानेही उबळ येते. तीन ते आठ आठवड्यांचा असा खोकला आम्हाला नेहमी दिसतो आणि बहुतेकदा तो आपोआप जातो.

याला एक मोठा अपवाद आहे. क्षयरोग सर्रास आढळणाऱ्या प्रदेशात दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी झालीच पाहिजे, मग पॅनेलमध्ये कोणत्याही विषाणूचं नाव आलेलं असो. विषाणू सापडला म्हणजे क्षयरोग नाही, असा अर्थ होत नाही. तुमचा एक्स-रे स्वच्छ आहे ही चांगली गोष्ट, तरी तुमच्या डॉक्टरांना थुंकीबद्दल जरूर विचारा. वजन घटणं, रात्री घाम येणं, थुंकीत रक्त, किंवा आठ आठवड्यांनंतरही न थांबलेला खोकला, यांतलं काहीही असेल तर 'व्हायरल आहे' म्हणून बसून राहू नका.

अँटिबायोटिकच्या बाबतीत तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. अँटिबायोटिकं जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही, हे आता बहुतेकांना माहीत असतं. तरीही कफ पिवळा-हिरवा झाला की सगळ्यांचा निश्चय डळमळतो, कधी कधी डॉक्टरांचाही. तो हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका विकराचा (एन्झाइमचा) असतो. या पेशी विषाणूच्या संसर्गातही जमतात, त्यामुळे एरवी निरोगी असलेल्या माणसात नुसत्या रंगावरून जिवाणू आहेत असं ठरवता येत नाही. सायनसचंही तसंच आहे. १९९४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साधी सर्दी झालेल्या ३१ प्रौढांचे सीटी स्कॅन काढले, तर ८७ टक्के जणांच्या गालांमागच्या सायनसमध्ये दोष दिसला. दोन आठवड्यांनी पुन्हा स्कॅन केलेल्या बहुतेकांत तो अँटिबायोटिकशिवाय निवळलेला किंवा बराच कमी झालेला होता. अँटिबायोटिकची शंका यावी ती वेगळ्या चित्रावरून: बरं वाटायला लागल्यावर पुन्हा जोराचा ताप येणं, एका बाजूला चेहरा किंवा दात ठणकणं, छातीत खुपणं, एक्स-रेवर नवीन डाग.

मग घ्यायचं काय? ताप आणि अंगदुखीला पॅरासिटामॉल, नाकासाठी सलाईनचे थेंब, पुरेसं पाणी, झोप. रात्रीच्या खोकल्याला एक-दोन चमचे मध अनेक सिरपांइतकाच उपयोगी पडतो, मधुमेह असेल तर बेताने. वाफेने नाक तात्पुरतं मोकळं वाटतं, आजार लवकर बरा होत नाही, आणि उकळत्या पाण्याचं भांडं अंगावर सांडून भाजलेले लोक येतात ते वेगळेच. स्टेरॉइडच्या गोळ्या तुम्हाला नकोत. कुणी दिल्या असतील तर का दिल्या ते विचारा.

लसीचा प्रश्न रास्त आहे. कोविडची लस सार्स-कोव्ह-२ च्या काट्याच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार करते. ओसी४३ त्याच्याच मोठ्या गटातला, बीटा कोरोनाव्हायरस. काट्याचा काही भाग दोघांत थोडा मिळताजुळता आहे, त्यामुळे प्रयोगशाळेत थोडीफार ओळख दिसते, पण त्या जोरावर सर्दी टळेल एवढं संरक्षण मिळत नाही. २२९ई आणि एनएल६३ तर अल्फा गटातले, आणखी दूरचे. गंमत म्हणजे एनएल६३ पेशीत शिरण्यासाठी नेमकं तेच एसीई-२ दार वापरतो जे कोविडचा विषाणू वापरतो, तरी प्रौढांत तो बहुधा सर्दीवरच थांबतो. दार तेच, म्हणून आजार तेवढाच गंभीर, असं काही गणित नाही.

पुन्हा होईल का? होईल. सॉल्सबरीच्या केंद्रात २२९ई दिलेल्या स्वयंसेवकांना वर्षभराने तोच विषाणू पुन्हा दिला, तेव्हा आधी लागण झालेल्यांपैकी बऱ्याच जणांना ती परत झाली, पण सर्दी मात्र कुणालाच झाली नाही. २०२०मध्ये ॲमस्टरडॅमच्या गटाने १० निरोगी पुरुषांचे अनेक दशकांत साठवलेले रक्ताचे नमुने तपासले, त्यातही एकाच विषाणूची लागण १२ महिन्यांनी पुन्हा झालेली वारंवार दिसली. प्रतिपिंडं हळूहळू उतरतात, आणि दुसरीकडे विषाणूही बदलत राहतो: १९८०च्या दशकातल्या लोकांचं रक्त त्या काळच्या २२९ईला रोखत असे, पण पुढच्या दशकांत आलेल्या २२९ईसमोर बऱ्याच जणांच्या बाबतीत ते कमी पडलं. तेव्हा दोन वर्षांनी पुन्हा असंच झालं तर 'माझी प्रतिकारशक्ती कमी झाली' असा अर्थ काढू नका आणि ती 'वाढवण्याच्या' गोळ्यांवर पैसे घालू नका.

आता वडील.

२००३च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात एका वृद्धाश्रमात श्वसनाच्या आजाराची साथ आली. सार्स नुकताच आटोक्यात आला होता, आणि इथल्या काही नमुन्यांत सार्सच्या तपासण्या पॉझिटिव्ह दिसल्याने सगळ्यांच्या पोटात गोळा आला. सखोल तपासणीत विषाणू निघाला तुमच्याच रिपोर्टवरचा, ओसी४३. सार्सची चाचणी त्याच्या साधर्म्यामुळे फसली होती. तिथल्या १४२ रहिवाशांपैकी ९५ जण आजारी पडले, त्यातल्या ८ जणांचा मृत्यू झाला आणि त्या आठांपैकी सहा जणांना न्यूमोनिया होता. त्याच इमारतीत काम करणाऱ्या १६० कर्मचाऱ्यांपैकी ५३ जणांना लक्षणं आली, पण न्यूमोनिया एकालाही झाला नाही. विषाणू एकच होता, छप्पर एकच होतं. फरक होता तो वयाचा आणि फुप्फुसांचा. आणखी एक बारीक गोष्ट: आजारी रहिवाशांपैकी ताप फक्त २१ टक्क्यांना होता. म्हातारपणी 'ताप नाही म्हणजे काही नाही' हे धरून चालता येत नाही.

म्हणून 'साधा कोरोनाव्हायरस' हा शब्दप्रयोग मी तुमच्यापुरता वापरीन, तुमच्या वडिलांसाठी नाही. सीओपीडीत अशी सर्दी हा आजार एकदम उसळण्याचं नेहमीचं कारण असते.

तुमच्याकडून आता त्यांना लागण होण्याची शक्यता कमी आहे. संसर्ग सर्वांत जास्त पसरतो तो लक्षणांच्या पहिल्या काही दिवसांत, तिसऱ्या आठवड्यात नाही. व्हायची असती तर एव्हाना झाली असती. तेव्हा आता त्यांच्यापासून पळू नका. पुढच्या वेळी मात्र घसा खवखवायला लागल्या दिवसापासून मास्क, वेगळी खोली, उघडी खिडकी, आणि त्यांचं काही करण्याआधी साबणाने हात. या विषाणूंवर चरबीचं आवरण असतं, साबण आणि अल्कोहोल ते फोडतात. पृष्ठभागावर यांचं टिकणं वस्तूनुसार बदलतं: प्रयोगात २२९ई काच, स्टील, प्लास्टिकवर पाच दिवसही तग धरून राहिला आणि तांब्यावर काही मिनिटांत संपला. म्हणून दाराची मूठ, रिमोट आणि मोबाइल पुसून घेणं निरर्थक नाही, पण हवा खेळती ठेवणं त्याहून महत्त्वाचं.

या चौघांवर लस नाही. पण फ्लू, न्यूमोकोकस (न्यूमोनिया करणारा एक जिवाणू), कोविड आणि आरएसव्ही (श्वसनाचा आणखी एक विषाणू) यांच्या लसींबद्दल वडिलांच्या डॉक्टरांशी बोला, कारण एका वेळी एकच संकट आलेलं परवडतं. त्यांचं इनहेलर घ्यायचं तंत्र कुणाला तरी समोर बसून बघू द्या. वर्षानुवर्षं चुकीच्या पद्धतीने ओढणारे रुग्ण मला नियमित भेटतात.

आणि एक काम ते बरे असतानाच करून ठेवा: बसल्या जागी, पाच मिनिटं विश्रांतीनंतर, बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा लिहून ठेवा. सीओपीडीत कुणाचा नेहमीचा आकडा ९६ असतो, कुणाचा ९१. नेहमीचा माहीत नसेल तर आजारपणातल्या ९० चा अर्थ कुणालाच लावता येत नाही. घरी ऑक्सिजनचं यंत्र असेल तर 'जास्त दिला तर बरा' असं समजू नका. सीओपीडीत साधारण ८८ ते ९२ हे लक्ष्य असतं, त्याहून वर चढवल्याने काही रुग्णांत रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि माणूस सुस्तावतो.

त्यांना सर्दी झाली आणि दम नेहमीपेक्षा वाढला, कफ वाढला किंवा त्याचा रंग बदलला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तुमच्या बाबतीत कफाच्या रंगाला मी किंमत दिली नाही, त्यांच्या बाबतीत देईन. सीओपीडी उसळताना कफ पूसारखा झाला तर विषाणूचा रिपोर्ट पॉझिटिव्ह असूनही आम्ही अनेकदा अँटिबायोटिक देतो, कारण विषाणूने वाट करून दिल्यावर जिवाणू मागून येतात. जोडीला साधारण पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्याही लागू शकतात. हे दोन्ही डॉक्टरांनी तपासून ठरवायचं. घरात उरलेल्या स्ट्रिपमधून नाही.

थेट रुग्णालयात नेण्याची लक्षणं वेगळी आहेत: श्वासाचा वेग मिनिटाला ३० किंवा जास्त, एक वाक्य पुरं बोलताना मध्येच थांबावं लागणं, ओठ किंवा नखं निळसर होणं, ऑक्सिजनचा आकडा ८८च्या खाली किंवा त्यांच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा तीन-चारने उतरणं, रक्तदाब ९०/६० च्या खाली, नव्याने आलेला गोंधळ किंवा न जाणारी गुंगी. यांतलं एकही दिसलं तर पॅनेलच्या रिपोर्टची वाट पाहू नका. तो तिथे पोचल्यावरही करता येतो.